एक कूक गेली, दोन आल्या

मी सेफ्टी ऑफिसर आहे. राहतो शारजाला, साइट दुबईत. कुणाचं बोट चेंगरलं तरी ते का चेंगरलं हे लिहिल्याशिवाय आमचा रिपोर्ट क्लोज होत नाही. त्यामुळे चकवा लागला, कुणीतरी हाक मारली, असल्या गोष्टी नातेवाइकांनी सुरू केल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जातो. आजही जाईन. तरी हे लिहितोय, कारण बायको म्हणाली, "एकदा लिहून टाक आणि मोकळा हो. तेव्हा किती झोपेत बडबडायचास."

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट, शनिवारची. रास अल खैमाच्या डोंगरातली एक वादी — म्हणजे कोरडी नदी. दोन्ही बाजूंना उघडेबोडके कडे आणि मधून गोट्यांचं पात्र. आम्ही नऊ जण ट्रेकला गेलो होतो. पुढे सलीमभाई, मूळचे रत्नागिरीकडचे, तीस वर्षं इथे, स्पेअर पार्ट्सचं दुकान. सगळ्यात मागे मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी रेवा.

वादीत नेटवर्क नसतं. म्हणून सलीमभाईंनी आम्हाला त्यांच्या खाडीवरची पद्धत शिकवली होती. होडी पलीकडे असली की माणूस अलीकडून एक कूक, म्हणजे लांबवर जाणारी 'कूऽऽ' अशी हाक, घालतो... कुणी आहे का? होडीवाला दोन घालतो... आहे. आणि पलीकडे उतरल्यावर माणूस तीन घालतो, पोचलो, म्हणजे इकडचे लोक निर्धास्त घरी जातात. आमच्या ग्रुपमध्येही तेच. एकीला दोन आल्या की आवाजाच्या दिशेने चालायचं आणि गाठ पडली की तीन द्यायच्या. सलीमभाई कूक शेवटी जरा वर उचलतात. आम्हा सगळ्यांना तीच सवय लागलीय.

परतताना, साडेअकराच्या सुमारास, वादीच्या सगळ्यात अरुंद भागात रेवाचा पाय गोट्यावरून सटकला. घोटा बघता बघता सुजला. मी क्रेप बँडेज बांधलं. ग्रुपमध्ये दोघं साठीचे होते, त्यांना उन्हात ताटकळत ठेवणं बरं दिसेना. मी सलीमभाईंना म्हटलं, तुम्ही सगळ्यांना घेऊन पुढे व्हा, गाडी जमेल तितकी आत आणा, आम्ही थोडं बसून येतो.

"बसा, पण इथं नको," सलीमभाई म्हणाले. "हे वादीचं पोट आहे. पुढं उघड्यावर बसा."

"अहो, आकाश बघा की. ढगाचा ठिपका नाही."

"इथलं आकाश बघून काय करणार, हबीबी? पाणी डोंगरामागून येतं."

"पाच मिनिटं हो. सावली आहे."

त्यांनी मान हलवली आणि ते गेले. मी वीस वर्षं सह्याद्रीत भटकलोय. तिथे पाऊस आधी डोक्यावर पडतो, मग ओढा फुगतो. डोक्यावर पाऊस नाही म्हणजे पाणी नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की हवामानाच्या ॲपवर मी फक्त आम्ही होतो ती जागा बघितली होती. डोंगरापलीकडचं बघितलंच नाही. दिवसभर दुसऱ्यांना हेल्मेट घाला म्हणून ओरडणारा माणूस स्वतःच्या मुलीला नदीच्या पात्रात बसवून खजूर खात होता.

पाचाची पंधरा मिनिटं झाली. गाडी कुठवर आली बघावं म्हणून मी एक कूक घातली.

दोन आल्या.

पण पुढून नाही. आमच्या उजव्या हाताच्या कड्यावरून, जिथे शेळ्यांची एक पुसट वाट चढत होती तिथून. शेवटी वर उचललेल्या, अगदी सलीमभाईंसारख्या.

"ही इज अप देअर?" रेवा म्हणाली. "विथ माय फूट? सीरियसली?"

मलाही रागच आला. पण पद्धत म्हणजे पद्धत. वाटलं, वरून सोपी वाट सापडली असेल. मी तिला पुढे घातलं, खालून आधार दिला, आणि आम्ही बसत, सरकत, मधूनमधून सलीमभाईंच्या नावाने बोटं मोडत दोन मजले उंचीएवढं चढलो. वर जुन्या शेताचा बांध होता, ओळीने रचलेले दगड, मागे सपाट जागा. माणूस नव्हता. मी पुन्हा एक कूक घातली. यावेळी काहीच आलं नाही.

मग टिपरमधून खडी ओततात तसा आवाज आला, आणि तो थांबेना. खाली वळणावरून तपकिरी पाणी आलं, पुढे एक अख्खं बाभळीचं झुडूप ढकलत. रेवाची गुलाबी बाटली आम्ही बसलो होतो तिथेच राहिली होती. ती दिसली... आणि मग ती जागाच दिसेना. मी रेवाचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे माझी बोटं उठली होती.

पाणी तासभर वाहिलं. त्यानंतर सलीमभाई डोंगराला वळसा घालून वरच्या अंगाने आले. आम्हाला बघून ते खालीच बसले आणि लहान मुलासारखे रडले.

"बरं झालं तुम्ही वर बोलावलंत," मी म्हटलं.

"मी? मी कुठं बोलावलं?" त्यांनी डोळे पुसले. "आम्ही पार गाडीशी होतो. तुमची कूकच ऐकू आली नाही, तर देणार काय?"

बाकीच्या सहाही जणांना मी वेगवेगळं विचारलं, साइटवर विचारतो तसं. सगळे गाडीपाशीच होते. कुणीही कूक दिली नव्हती.

आता कारणं. प्रतिध्वनी? तो एकीला एकच देईल. शेळ्या राखणारा कुणी? वर ना लेंड्या, ना पाऊलखूण, आणि त्याला आमची पद्धत कुठून ठाऊक? मला भास झाला असेल? मग रेवाने मी विचारायच्या आधी "ही इज अप देअर" का म्हटलं?

तीन आठवड्यांनी मी, रेवा आणि सलीमभाई पुन्हा तिथे गेलो. यावेळी डोंगराच्या दोन्ही बाजूंचं हवामान बघून. त्याच जागी उभं राहून मी अकरा वेळा एक कूक घातली. अकराही वेळा समोरच्या कड्यावरून एकच परत आली. उजवीकडून काही नाही. सलीमभाई म्हणाले, "खलास, भाऊ. पुरे आता."

आम्ही निघालो. रेवा मात्र हलेना. तिने उजवीकडच्या बांधाकडे तोंड केलं.

"बाबा, वी नेव्हर टोल्ड देम वी रीच्ड."

"कुणाला?" मी विचारलं.

तिने खांदे उडवले, तोंडापाशी हात धरला आणि तीन कूका घातल्या, शेवटी वर उचललेल्या. मघाच्याच समोरच्या कड्यावरून तीन परत आल्या. मी मोजल्या, तीनच होत्या. सलीमभाईंनी टोपी काढली होती.

माझ्याकडे अजूनही कारण नाही. नोकरीतले सगळे रिपोर्ट क्लोज आहेत, हा एक ओपन आहे. पण त्या दिवसापासून माझी झोपेतली बडबड थांबली, असं बायको म्हणते.