अम्मींचा रोजचा दिवस

आमच्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, गेली कित्येक वर्षं खिडकीपाशी मशीन मांडून अख्ख्या गल्लीचे कपडे शिवतात. हात अजून असा चालतो की बघत राहावं. डोळ्यांनी मात्र दगा दिलाय. काजं-बटणांच्या सुईत दोरा ओवायला त्यांना दुसरं कुणीतरी लागतं. पूर्वी हे काम माझे मिस्टर करायचे, आता आमची लेक करते.

गेल्या वर्षी लेकीनं मदर्स डेचं कार्ड बनवून दादीच्या मशीनला चिकटवलं. मिस्टरांनी आल्या आल्या ते काढून कपाटावर ठेवलं. "हे आपलं नाही. आपल्या दोन ईद आहेत ना? आणि इस्लाममध्ये आईचा दिवस रोज असतो!"

लेक हुंदके देऊन रडायला लागली. माझं तर डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अम्मींनी हातानंच मला गप्प केलं.

"जा, इमामसाहेबांना विचारून ये," त्या लेकाला म्हणाल्या.

मिस्टर गेले आणि ऐकलं तसंच येऊन सांगितलं. काही आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, म्हणतात, असे दिवस पाळूच नयेत. काही म्हणतात, त्यात इबादत, म्हणजे उपासना नसेल, वावगं काही नसेल, तर आईला खूश करायला हरकत नाही. "पण मला पहिलंच पटतं," मिस्टर म्हणाले. माणूस हट्टी आहे, पण खोटा नाही.

"मग तसंच कर," अम्मी शांतपणे म्हणाल्या. "कार्ड राहू दे कपाटावर. पण रोज म्हणालास ना? मग रोज ये. किती दिवस झाले, माझ्यापाशी दोन घटका बसला नाहीस. दारातल्या चपला बघून कळतं मला, तू घरी आहेस ते."

मिस्टरांचा चेहरा खर्रकन उतरला.

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज झाल्यावर ते सरळ खिडकीपाशी जाऊन बसले आणि दिवसभराच्या सुया ओवायला लागले. पहिलीच सुई काही केल्या जमेना.

"अरे, दोऱ्याचं टोक ओलं कर! विसरलास?" अम्मी खळखळून हसल्या. मी चहा ठेवला आणि मुकाट्यानं बाहेर आले. मुकाट्यानं, आणि मी!

तेव्हापासून एकदाही खाडा नाही.

यंदा मदर्स डेला लेकीनं भीत भीत विचारलं, "दादी, कार्ड करू?"

मिस्टर सुई ओवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण 'नको'ही म्हणाले नाहीत.

"तुझ्या आईला कर, बाळा," अम्मी म्हणाल्या. "माझा तर रोज असतो."