अकरा बाटल्यांची धूळ

मांडवगण फराट्याच्या अनसाबाई दौंडच्या एका शाळेत शिपाई होत्या. बोलायला फटकळ, पण काम चोख. म्हणून बहात्तरच्या डिसेंबरात पुण्याच्या वेधशाळेतून आलेल्या साहेबांनी गच्चीवरच्या, धूळ धरायच्या प्लास्टिकच्या टबाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. दुष्काळात उघड्या पडलेल्या शेतांची धूळ पूर्वेच्या वाऱ्यावर निघे, ती पार समुद्रापर्यंत जाई.

"मातीत लोह असतं, पण गंजासारखं घट्ट," साहेबांनी समजावलं. "तसंच समुद्रात पडलं तर तळाला जातं. विरघळलं तरच तिथल्या बारीक शेवाळाला मिळतं, आणि त्या शेवाळावर मासे जगतात. किती विरघळतं, तेच पाहायचंय. टबाला लोखंड लागू देऊ नका."

दर सोमवारी अनसाबाई कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खाली ठेवून गच्चीवर जात आणि साहेबांनी दिलेल्या शुद्ध पाण्याने टबातली धूळ बाटलीत उतरवत. अशा अकरा बाटल्या भरल्या.

फेब्रुवारीअखेर साहेब तपासलेल्या बाटल्या घेऊन तणतणत आले. "विरघळलेलं लोह इतकं कसं? टबाला काय लावलंत?"

"पैल्या सोमवारी टब मांडला तवाच त्याला रेल्वे इंजिनाच्या धुराची काजळी बसली व्हती. तांब्याच्या हंड्यावानी चिंचंनं घासला. एकदाच. मग तुमच्याच पाण्यानं धा येळा इसळला."

"चिंच! अहो, आंबटानं गंज सुटतो!" म्हणत साहेबांनी अकराही बाटल्या पन्हाळीत रिकाम्या केल्या.

हेडमास्तर हसले. "अनसाबाई, समुद्राला चिंचेचं सार पाजलंत की!"

अनसाबाईंच्या अंगाची लाही झाली. खोटं बोलल्या असत्या तर बाटल्या वाचल्या असत्या! "हितं नवा टब ठिवा आन् गच्चीला तुमचं कुलूप घाला," त्या कडाडल्या. "दुसरा मांडवगणात माझ्या भावाच्या माळवदाव ठिवा, तिथं इंजिनाचा धूर न्हाई. त्यो मी तुमच्या डोळ्यादेखत चिंचंनं घासते. मंग बघा, लोखंड कुठं निघतंय!"

साहेबांना नाही म्हणता येईना. आठ दिवसांनी दोन्ही टबांतली धूळ त्यांनी स्वतः उतरवून नेली. परत आले ते हरखूनच. चिंचेने घासलेल्या मांडवगणच्या टबात विरघळलेलं लोह नावालाच होतं, दौंडच्या कोऱ्या टबात भरपूर.

"बाई, इथल्या लोको शेडमध्ये इंजिनं उभी असतात ना, त्यांच्या कोळशाच्या धुरात आम्ल असतं. ते धुळीच्या कणांवर बसतं आणि हवेतच लोह सोडवतं. समुद्रावर पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं! केवढी गोष्ट सापडली!"

"आन् माझ्या बाटल्या?"

"त्या गेल्या. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा भरू."

"औंदाचा वारा पुढल्या साली कुठनं आननार?"

हेडमास्तरांच्या टेबलावर साहेबांची नोंदवही उघडी होती. अनसाबाई चौथी शिकलेल्या. अकरा तारखांपुढे 'शिपाईबाईच्या चुकीमुळे रद्द' असं लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"ह्ये खोडा. पैली ऱ्हाऊ द्या माझ्या नावावर, ती चूक माझीच. बाकीच्या धा कुनी वतल्या, त्ये लिवा."

"अहो बाई, वरचे अधिकारी वाचतात हे..."

"म्हनूनच लिवा."

हेडमास्तरांनी खुर्ची पुढे केली. अनसाबाई बसल्या नाहीत. दहावी ओळ पुरी होईस्तोवर त्या साहेबांच्या लेखणीवर नजर रोखून उभ्या राहिल्या.