नळाला बांधलेलं अर्थिंग

पुण्याच्या नव्हे, आमच्या गावच्या मंगळवार पेठेतल्या घरात प्रत्येक सॉकेटला तीन भोकं आहेत. त्यातलं वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं आहे, हे आम्हाला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. त्याच्या मागे वायरच नव्हती. घर बांधताना वायरमनने दोन वायरी ओढल्या होत्या आणि तिसऱ्या भोकाचा भार देवावर टाकला होता. टीव्ही, मिक्सर, इस्त्री यांनी कधी तक्रार केली नाही, आणि आम्हीही त्यांना विचारायला गेलो नाही.

मग बायकोचा कॉम्प्युटर आला. पुण्यातल्या एका कंपनीचं काम ती घरून करते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या येत. पेनड्राइव्ह लावायला जावं तर चटका बसे आणि मशीन जागच्या जागी गोठे. एकदा ऐन मीटिंगमध्ये ती अशी गायब झाली तेव्हा साहेबांनी अगदी गोड आवाजात सांगितलं की घरून जमत नसेल तर पुण्याला या, इथे टेबल रिकामंच आहे.

ती पुण्याला, इथे मी आणि आई, आणि दोघांच्या मधे माझ्या हातचा स्वयंपाक, हे चित्र आई आणि मी एकाच वेळी पाहिलं. त्या दिवसापासून आमचं घराणं विजेच्या अभ्यासाला लागलं.

पहिला शोध आईचा. बायकोने पायात रबरी सपाता घालायची परवानगी मागितली होती.

"उंबऱ्याच्या आत चप्पल न्हाय," आई म्हणाली. "पायाखाली पाट घे. शिसवी हाय चांगला."

"आई, पाटाने मला करंट कळणार नाही एवढंच. तो मशीनमध्ये राहणारच," बायको म्हणाली.

"मग कळून तरी काय करायचंय?"

बायकोने पाट पायाखाली ओढून घेतला. पुढे काही दिवस ती पाटावर पाय ठेवून बोहल्यावरच्या नवरीसारखी हिशेब तपासत बसे. फक्त अक्षता टाकायच्या राहिल्या होत्या.

मग पेठेतला वायरमन आला. त्याने कॅबिनेटला टेस्टर लावला, टेस्टर पेटला, आणि तो माझ्याकडे दयेने पाहू लागला.

"दादा, अर्थिंगच न्हाय की."

"मग आता?"

"मोरीत नळ हाय न्हवं? नळाचा पाइप जातोय जमिनीत. आणि काय पायजे?"

त्याने सॉकेटच्या तिसऱ्या भोकातून हिरवी वायर काढली, मोरीतल्या लोखंडी नळाला आवळून बांधली, चहा घेतला आणि गेला. मी संध्याकाळी कट्ट्यावर अर्थिंगवर छोटंसं व्याख्यानही देऊन आलो.

गंजलेला पाइप काढून आम्हीच प्लॅस्टिकचा टाकला होता, हे कुणालाच आठवलं नाही. नळ तेवढा लोखंडी राहिला होता. म्हणजे मशीनमधला करंट नळापर्यंत येत होता आणि पुढे वाट नाही म्हणून तिथेच कुणाची तरी वाट पाहत उभा होता.

सकाळी तो आईला भेटला. घागर दाणकन पडली.

"नळ चावला मला," आई म्हणाली.

शेजारचे चाचा भिंतीवरून डोकावले. "पाण्याला जोर न्हाय, पर करंट लई सोडलाय तुमच्याकडं."

मी हसणार होतो. बायकोचा चेहरा पाहिला आणि बेत रद्द केला. तिने मेन स्विच पाडला आणि ती हिरवी वायर स्वतः सोडवली.

"आज मुंग्यांवर भागलं," ती म्हणाली. "उद्या मशीनमध्ये खरोखर फेज, म्हणजे पुरा करंट, उतरला तर नळ धरलेला माणूस सुटणार नाही. नीट खड्डा खणून अर्थिंग करा, नाहीतर मी पुण्याला जाते. अहो, मी चेष्टा करत नाही."

परसातली फरशी फुटली. खड्ड्यात तांब्याची पट्टी उभी राहिली आणि वायरमन तिच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर भरू लागला. दारातून बघणाऱ्या आईचा चेहरा उजळला.

"म्हंजे दृष्टच काढताय की. मग आदी बोलायचं न्हाय?"

ती आत गेली, मूठभर मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन आली आणि कुणी हलायच्या आत खड्ड्यात टाकून मोकळी झाली. वायरमनने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"चालतंय वहिनी," तो बायकोला म्हणाला. "मिरचीनं काय बिगडत न्हाय."

मग प्रत्येक सॉकेटला तिसरी वायर गेली. करंट गळला की आपोआप पडणारा एक स्विच मीटरपाशी बसला. तो बसवण्याआधी वायरमनने फेजची वायर आणि नवं अर्थिंग यांच्या मधे बल्ब धरला, तो लख्ख पेटला, म्हणजे अर्थिंग लागलं होतं. बायकोने हाताची उलटी बाजू कॅबिनेटला लावली आणि बराच वेळ तशीच ठेवली. काही झालं नाही. काही न होण्याचा एवढा आनंद मी आमच्या घरात कधी पाहिला नव्हता.

असा खड्डा ओला ठेवावा लागतो. ते आईला कुणी सांगितलेलं नाही, पण रोज पूजा झाली की ती परसात जाते, डोळे मिटून तांब्याभर पाणी तिथे सोडते आणि नमस्कार करते. बायको ते पाहते आणि पुन्हा कामाला लागते. तिला माती ओली राहण्याशी मतलब.

परवा साहेबांचा पुन्हा फोन आला. मी शेजारच्या खोलीत पेपर धरून कान लावला.

"नाही सर, पुण्याला यायची गरज नाही आता," ती म्हणत होती. "हो, अर्थिंग अगदी चांगलं आहे. रोज देखभाल असते त्याची. सासूबाई बघतात."