फोन न केलेले दिवस

‘छान प्रगती आहे’ हे वाक्य माझ्या वर्गात बंद आहे. कोणाच्या तोंडून निसटलंच, तर मी लगेच विचारते, ‘कशावरून? मोजली कशी?’ वर्ग म्हणजे कर्वेनगरमधल्या एका सोसायटीचा हॉल, एक रविवार सोडून एक रविवार, सकाळचा चहा झाल्यावर. विद्यार्थी मात्र कॉलेजातली पोरं नाहीत. स्वतःची प्रॅक्टिस चालवणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत सगळे. त्यांना मी एकाच माणसावर संशोधन कसं करायचं ते शिकवते. शंभर जणांची सरासरी गेली खड्ड्यात. समोर बसलेल्या या एका माणसात फरक पडला का, आणि पडला असेल तर तो माझ्या उपचारानेच पडला का, एवढंच आम्ही शोधतो.

या विषयाचं मला वेड आहे. कागदावरची रेघ वर चढायला लागली की माझा आवाजही चढतो. मग वर्गातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई, सगळं आयुष्य पेठेत काढलेल्या, शांतपणे म्हणतात, “अहो, खालच्या मजल्यावरच्यांनी नाव नोंदवलेलं नाही.”

या वर्षी वर्गात विश्रांतवाडीहून येणारी एक मुलगी होती. मुलगी म्हणजे तिशीची, हुशार, कमी बोलणारी. पहिल्याच रविवारी सगळे गेल्यावर ती मागे थांबली.

“मॅडम, मला एका आयटी कंपनीत एचआरचा जॉब मिळतोय,” ती म्हणाली. “मी पेशंटशी बोलते, ते बरे होतात, थँक्यू म्हणतात. पण ते तसेही बरे झाले असते का, नुसता वेळ गेल्यामुळे? मला माहीतच नाही. असं आयुष्यभर नाही जमणार मला. हा कोर्स संपेपर्यंत कळलं तर ठीक, नाहीतर मी जॉइन करतेय.”

मला रागच आला. तिचा नव्हे, एकूण प्रकाराचा. ज्यांना हा प्रश्न उभ्या जन्मात पडत नाही ते निवांत दवाखाने थाटून बसतात, आणि जिला पडतो ती निघाली एचआरला! मी म्हटलं, “एक पेशंट निवड. उत्तर तुझं तूच काढ.”

तिने निवडली हडपसरची एक बालवाडीची शिक्षिका. या बाई उड्डाणपुलावर टेम्पोचा कट लागून स्कूटरवरून पडल्या होत्या. हाड कधीच जुळलं होतं, पण स्कूटर पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. नुसती किल्ली फिरवली तरी बाईंच्या हाताला घाम फुटायचा. पुण्यात स्कूटर सुटली की बाईचे पायच गेले म्हणायचे. शाळेला जायचं तर नवऱ्याच्या सवडीने, भाजीला जायचं तर शेजारणीच्या.

आमच्या पद्धतीत पहिला टप्पा सगळ्यांत अवघड. उपचार सुरू करायच्या आधी काही दिवस नुसतं मोजायचं. याला आम्ही बेसलाइन म्हणतो. बाईंनी रोज स्कूटर काढायचा प्रयत्न करायचा आणि कुठून परत फिरलो तेवढं सांगायचं. पार्किंगमधून, गेटपासून की कोपऱ्यावरून. सायकॉलॉजिस्टने लिहून घ्यायचं आणि गप्प बसायचं.

काही रविवार गेले आणि ती ग्राफ घेऊन आली. चेहरा पडलेला. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “संपलं. माझा उपचार सुरूच झालेला नाही आणि रेघ चढतेय. बाई गेटच्या बाहेर पडल्यासुद्धा. माझी काही गरजच नव्हती.”

सगळे कागदावर वाकले. रेघ खरंच चढत होती. पण मध्येच एका ठिकाणी ती धाडकन खाली आली होती, थेट पार्किंगपर्यंत, आणि काही दिवसांनी पुन्हा वर गेली होती.

“हा खड्डा कसला?” मी विचारलं.

“तो सोडून द्या, मॅडम. तेव्हा माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं, मी नागपूरला होते. मला फोन करायला जमलं नाही. बाईंनी नंतर एकदम सांगितलं. तो डेटा मी काढूनच टाकणार होते.”

“फोन? तू रोज फोन करत होतीस?”

“हो. कुठपर्यंत गेलात ते विचारायला.”

“आणि नुसतं विचारून ठेवत होतीस?”

ती गडबडली. “म्हणजे... त्या घाबरलेल्या असायच्या. मग थोडं बोलायचे. श्वास कसा घ्यायचा, भीती आली तर तिथेच थोडं थांबून पाहा, असं काहीतरी.”

पेठेतल्या बाईंनी चष्मा काढला. “अहो, आपण मोजायला गेला होतात की धीर द्यायला?”

वर्ग हसला आणि मी खुर्चीवरून उठलेच. आमच्या जातीची ही हमखास चूक! वाण्याला वजन करताना चिमूटभर जास्त टाकायची सवय नसते, पण आम्हाला असते. माणूस घाबरलेला दिसला की तोंड गप्प राहत नाही. तिने बेसलाइनच्या नावाखाली उपचारच सुरू केले होते, आणि जेव्हा ते थांबले तेव्हा रेघ पडली होती. जे दिवस ती लाजेने फाडून टाकणार होती, त्या दिवसांतच तिचं उत्तर दडलेलं असण्याची शक्यता होती. मी हे इतक्या जोरात सांगितलं, की खालच्या मजल्यावरच्यांनी बहुधा ऐकलं असेल.

“पण एका खड्ड्याने काही सिद्ध होत नाही,” ती म्हणाली. खरं होतं. त्या दिवसांत बाईंना ताप असेल, घरी पाहुणे असतील. उत्साहाच्या भरात मी म्हटलं, “मग पुन्हा फोन बंद करून बघ. रेघ पडते का ते कळेल.”

“नाही.” कमी बोलणारी ती मुलगी ताडकन म्हणाली. “ती बाई आहे, मॅडम, दिव्याचं बटण नाही. चढलेल्या माणसाला मी मुद्दाम खाली ढकलणार नाही.”

मला तिला मिठी मारावीशी वाटली! कारण नेमका यासाठीच दुसरा मार्ग आहे. कोणाचं काही काढून घ्यायचं नाही, फक्त पाळीपाळीने द्यायचं. आम्ही कोपऱ्यापलीकडचे, बाईंनी अजून न गाठलेले तीन रस्ते ठरवले: शाळेची गल्ली, भाजी मंडई आणि उड्डाणपूल. तिन्हींवर बाईंनी प्रयत्न करायचा, पण उपचार आधी फक्त गल्लीसाठी, मग मंडईसाठी, शेवटी पुलासाठी. ज्या रस्त्याची पाळी येईल त्याचीच रेघ हलली, तर ती काळामुळे हललेली नाही. कोपऱ्यापर्यंतचा धीर फोनवर चालूच राहील; या रस्त्यांची रोजची माहिती मात्र व्हॉट्सअॅपवर एका शब्दात, आणि उत्तरात काहीही पाठवायचं नाही, अंगठासुद्धा नाही. अंगठा ही शाबासकीच.

बाईंना तिने सगळं खरं खरं सांगितलं. बाई म्हणाल्या, “चालेल. पण बोलायची पाळी येईल तेव्हा पोटभर बोला.”

शेवटच्या रविवारी ती आली तेव्हा मी चहासुद्धा घेतला नव्हता. तिने एकाखाली एक तीन ग्राफ मांडले. गल्लीची रेघ उपचार सुरू होईपर्यंत आडवी, मग चढलेली, बाई शाळेपर्यंत जाऊन आलेल्या. तेव्हा मंडई आडवीच. मंडईची पाळी आली आणि तीही चढली. हॉलमध्ये कोणीतरी टाळी वाजवली. पेठेतल्या बाई कागद डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “छान प्रगती आहे.” मी त्यांना कशावरून ते विचारलं नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ही मुलगी काहीतरी करते. हे आता तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि कोणालाही कागदावर दाखवता येत होतं.

सगळे गेल्यावर मी धीर करून विचारलं, “मग, त्या कंपनीला काय कळवलंस?”

ती ग्राफ गुंडाळत होती. तिने पुन्हा उलगडून सर्वांत खालच्या, पुलाच्या रेघेवर बोट ठेवलं. ती अजून आडवीच होती.

“हिची पाळी उद्यापासून आहे, मॅडम,” ती म्हणाली. “मी कुठे जाणार?”