गोठलेले गोळे

माझ्या मुलाने सुनेचं डोकं ओट्याच्या कडेवर दुसऱ्यांदा आपटलं. चहाला उशीर झाला, एवढंच कारण. ती ओट्स आणि चॉकलेटच्या कुकीज करत होती. पंधरा दिवस पुरतील एवढे पिठाचे गोळे वळून ती फ्रीजरमध्ये ठेवते आणि लागतील तसे काढून भाजते. "आई, गोळे आधी ताटात सुटे गोठवायचे हं, मग डब्यात भरायचे," असं तिने मला बजावलं होतं. मी आदल्या दिवशी आळसाने सगळे एकदम डब्यात कोंबले. त्यांचा एकच दगड झाला.

तोच डबा मी फ्रीजरमधून ओढला आणि मुलाच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला.

"म्हातारे, मला मारतेस?"

"सोड तिला. नाहीतर पुढचा टाळक्यात घालीन."

त्याने तिला सोडलं.

पीठ गोठवलं की जसंच्या तसं राहतं. मार तसा राहत नाही, तो वाढतो. याच्या बापाने मला मारलं, ते मी गप्प राहून झाकलं आणि वाटलं, संपलं. हा तेव्हा समोर बसून भात खात होता आणि सगळं बघत होता. माझ्या गप्प बसण्यातून तो काय शिकला, हे मला सत्तरीत कळलं.

सुनेच्या कपाळाला सात टाके पडले. मुलगा आता वेगळा राहतो. सून वाचली, आणि मीही.