आवणीची रजा

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अंबडच्या आमच्या कारखान्यात विजेची बटणं बनत आणि मी तपासणीची सुपरवायझर होते. हाताखाली हरसूलकडच्या आठ आदिवासी बायका, सगळ्या कंत्राटी. बटणाच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, खरखर लागली की बाजूला टाकायचं. परदेशी गिऱ्हाइकाला कामगारांत विविधता हवी असं कळलं, तेव्हा मॅनेजरसाहेबांना या बायका पहिल्यांदा दिसल्या. त्यांच्यातल्या थोरलीचा फोटो मोठा करून दारात लावला. खाली अक्षरं : 'विविधता हीच आमची ताकद.'

जुलैत ही ताकद आवणीला निघाली. भाताची रोपं लावायला त्या दर वर्षी पंधरा दिवस गावी जात आणि परतल्यावर कंत्राटदार त्यांची नव्याने भरती करी. तीन वर्षं काम करून नवख्याच. या वेळी थोरली साहेबांना म्हणाली, "रजा म्हणून लिवा. नाव कापू नका."

"फॅक्टरी आहे बाई, धर्मशाळा नाही," असं म्हणून साहेब तिच्याच फोटोखालून निघून गेले.

त्या जागी साहेबांच्या गावचे आठ भाऊबंद आले. दहा दिवसांत गिऱ्हाइकाच्या इथल्या गोदामातून खरखरीत बटणांची खोकी परत यायला लागली.

"बायकांची बोटं मुळातच नाजूक ना," साहेबांनी मला समजावलं. थोरलीचा अंगठा विळ्याने इतका निबर झाला होता की टाचणीही शिरली नसती. तीन वर्षांची सवय होती, बाकी काही नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

मग जीप काढून आम्ही हरसूलला. साहेब पॉलिशच्या बुटांनी बांधावर उभे. थोरली चिखलातून वरसुद्धा आली नाही.

"उद्यापासून या. गाडी पाठवतो."

"भात म्हंजी धर्मशाळा हाय का साहेब, कवाबी यायला?" बाकीच्या वाकूनच हसल्या. "आठजणींची नावं कायम करा. आन् आवणीची रजा कागदावर द्या. लावून झालं की येतो."

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद लिहिला. सही करायच्या आधी मी तो तिला मोठ्याने वाचून दाखवला. 'भरपगारी' शब्द राहिला होता, तो घालायला लावला.

पुढच्या पावसाळ्यात गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये साहेबांनी भाषण ठोकलं : विविधतेने नफा कसा वाढतो आणि ते आपल्याला कसं आधीच दिसलं होतं. पडद्यावर थोरलीचा फोटो. समोरून कोणी विचारलं, "या बाई आल्यात का आज?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आवणीला गेलीय," मी म्हणाले. "भरपगारी."