माझा डावा उजवा

ये, अशी जवळ सरक. दाराशीच काय बसलीस पाहुण्यासारखी? आणि आल्या आल्या "आत्या, नाच शिकव" म्हणतेस! आधी ऐकून घे, मग ठरव.

मी तीस वर्षं नाच शिकवला, पण मला उजवं-डावं कळत नाही.

हसू नकोस गं, धंद्याची खोड आहे ती. बदनापूरच्या शाळेत गॅदरिंगचे नाच मीच बसवायचे. पोरांकडं तोंड करून उभं राहायचं, "उजवा हात!" म्हणायचं आणि आपण डावा वर करायचा. समोरच्या पोरांना तीच बाजू बराबर दिसते. तीस वर्षं असंच केलं. (देवाला नमस्कार करतानासुद्धा माझा डावा हात आधी उठायचा!) अंकुशनगरला उत्सवात माझ्या पोरींनी स्टेज गाजवलं, मी पडद्यामागं. मग जालन्याच्या एका साडीवाल्याची जाहिरात बसवली. तो म्हणाला, "मॅडम, गिरक्या लई भारी, पण साडीच दिसून न्हाई राह्यली!" ते काम तिथंच संपलं. रिटायर झाल्यावर मी लग्नातले नाच बसवायच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलं, आणि पहिलीच ऑर्डर घरची. आपल्या दादाच्या लेकीची, अश्विनीची हळद.

आपली माणसं मी अंगणात शिकवली, समोर उभी राहून. मग विहीणबाईंना शिकवायला तीर्थपुरीला गेले. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"ताई, शाळेत असताना माझं नाव नाचात आल्तं. वडलांनी हाताला धरून घरी आणलं. आता पोराच्या लग्नात एकदा तरी नाचायचंय. पण माझं हसं झालं, तर जन्मभर ऐकावं लागंल."

"बिलकुल होऊ देणार न्हाई. माझा शब्द!"

त्यांना समोर उभं राहायची लाज वाटायची, म्हणून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी "उजवा!" म्हणाले आणि सवयीनं डावा वर केला.

"ताई, हा तुमचा डावा ना?"

"मी तीस वर्षं शिकवून राह्यले, विहीणबाई! शब्दाकडं न्हाई, हाताकडं बघा!"

बिचाऱ्या बघत गेल्या. सगळा नाच उलटा पाठ केला, तोही अगदी चोख!

हळदीच्या दिवशी गाणं वाजलं. सगळे उजवीकडं सरकले, विहीणबाई एकट्या डावीकडं. तिकडून दादा येत होता, हातात हळदीचं पातेलं! धाडकन टक्कर झाली. पातेलं उडालं, विहीणबाई डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या. गाणं बंद. आणि पहिल्या रांगेतून त्यांचे थोरले दीर म्हणाले, "सांगितलं होतं ना, या वयात हे शोभत न्हाई!"

विहीणबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागल्या. मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं. शाळेतून हाताला धरून नेलेली ती पोरगी मीच पुन्हा स्टेजवरून खाली उतरवत होते.

मी धावत स्टेजवर गेले, माईक ओढला. "थांबा! त्या चुकल्या न्हाईत. मास्तरीण चुकली! मीच त्यांना उलटं शिकवलं. आता बराबर करून दाखवते. लावा गाणं!"

विहीणबाईंना ओढून आणलं, शेजारी उभी राहिले आणि साऱ्या मंडपाला ऐकू जाईल असं ओरडले, "उजवा!"

आणि डावा वर केला. सरळ डावीकडं उभ्या दादाच्या नाकावर!

"अगं बाई, मारतीस का आता?" दादा किंचाळला.

मंडप असा हसला की वाजंत्रीवाले बाहेरून बघायला आले. विहीणबाईंनी शांतपणे माझं मनगट धरलं, खाली केलं आणि माझा दुसरा हात वर केला. "ताई, हा उजवा. आता माझ्याकडं बघा." आणि त्या अशा नाचल्या, काय सांगू! हळद निथळत होती, पण उलटं शिकलेलं सगळं सुलटं केलं, एक पाऊल चुकलं नाही. मी आपली मागंमागं, एक ठोका उशिरा. थोरले दीरसुद्धा टाळ्या वाजवून राहिले होते.

शब्द पाळला गं मी. हसं झालं, पण माझं झालं!

त्या हळदीनंतर तीन लग्नांची बोलावणी आली. तिघांनीही एकच विचारलं, "तीर्थपुरीच्या त्या बाई शिकवायला येतील का?"

आता दर रविवारी त्या इथं बदनापूरला येऊन शिकवतात. मी गाणं लावते आणि चहा करते. तर पोरी, एखाद्या रविवारी लवकर ये. नाच त्या शिकवतील, माझा चहा पी.